आवाज द्या, मग पुढे जा

रविवारी पहाटे वर्धा आणि नागपूरकडून बोरधरणाच्या रस्त्याला सायकली घेऊन येणाऱ्या समस्त मंडळींना,

हिंगणीच्या अलीकडच्या एका फाट्यावरच्या सायकल मिस्त्रीचा रामराम.

नावानं नसेल, पण चेहऱ्यानं आपली ओळख आहे. कडुनिंबाखाली टिनाचं दुकान, दारावर जुन्या टायरांची माळ, बाजूला पाण्याचा रांजण. त्या रांजणाचं पाणी तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी प्यायलं आहे. तुमच्या ट्यूबला ती बारीक, उंच मानेची व्हॉल्व्ह असते, ती माझ्या पंपाला बसायची नाही. एका रविवारी तुमच्यातला एक जण नुसत्या हवेपायी दोन तास बसून राहिला, तेव्हा मी नागपूरहून चार पितळी टोप्या आणून ठेवल्या. आता कोणी अडत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं पत्र सायकलीचा राग असलेल्या माणसानं लिहिलेलं नाही. पस्तीस वर्षं माझं घर या दोन चाकांवर चाललं. मधल्या काळात जो तो फटफटी घ्यायला लागला, सायकल आता संपली असं लोक म्हणायला लागले, आणि नेमके तेव्हा तुम्ही आलात. सकाळी तुमची रांग उतारावरून येताना दिसली की माझ्या हातातलं काम थांबतं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मात्र वेगळं घडलं. नऊचा सुमार होता, तुम्ही धरणाकडून परत निघाला होता. आमच्या गावची एक बाई धुऱ्यावरचं गवत कापून, भारा डोक्यावर घेऊन घराकडं येत होती. जनावरांपुढं चारा टाकून तिला कापसाच्या वेचणीला जायचं होतं. तुमच्यातला पहिला तिच्या उजव्या खांद्याजवळून सपकन गेला. ती दचकली, थांबली. गेला एकदाचा, असं समजून तिनं पाऊल टाकलं आणि दुसरा गेला. मग तिसरा. ती डावीकडं सरकली, तिथं डांबर संपतं आणि वीतभर खाली साइडपट्टी आहे. पाय मुरगळला, भारा पडला, ती पडली. पुढच्या कोणीतरी मान न वळवता हात वर केला. सर्वात मागचे तिघे थांबले. एकानं भारा उचलून दिला, दुसरा पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. ती म्हणाली, "काही नाही झालं जी, जा तुम्ही."

पाच दिवस ती वेचणीला जाऊ शकली नाही. वेचाई किलोवर मिळते, आणि बोंडं सगळी एकदाच फुटलेली असतात तेव्हाचे ते पाच दिवस. तिनं तक्रार केली नाही, तुमची चूक काढली नाही, कोणी नुकसानभरपाई द्यावी असंही तिच्या मनात आलं नाही. तिच्या वाटेचं बोलणं कोणीतरी बोलायला हवं, म्हणून मी लिहायला बसलो.

आमच्या रस्त्यावर प्रत्येक गोष्टीला आवाज आहे. एसटी अर्ध्या मैलावरून कळते. ट्रॅक्टर कळतो, मागची ट्रॉली रिकामी आहे की भरलेली तेही कळतं. बंडीची चाकं वाजतात, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळ असते. माणूससुद्धा माणसाला न बोलता ओलांडत नाही. मागून येणारा खाकरतो, "रामराम" म्हणतो, "लवकर निघाला आज?" असं काहीतरी विचारतो आणि पुढं जातो. त्या विचारण्याला उत्तराची गरज नसते. मी मागे आहे, आता बाजूनं जातो आहे, एवढंच त्यातून कळवायचं असतं. जुन्या सायकलीही वाजायच्या. चेनकव्हर खडखडायचं, मडगार्ड थरथरायचं, कॅरिअरवरचा डबा बोलायचा. तुमच्या सायकलीला मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, चेन तेलात न्हालेली, टायर बोटभर. मिस्त्री म्हणून मी ती सायकल हात लावून पाहतो आणि मनापासून वाखाणतो. पण पायी चालणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. तुम्ही पायडल थांबवलं की फ्रीव्हीलची किटकिट तेवढी येते, तीही सायकल कानाजवळ पोचल्यावर.

आणि आमच्याकडं मागून बिनआवाज येणाऱ्या गोष्टीची भीती निराळी आहे. बोरचं जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं, पण वाघ त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. रोही, रानडुक्कर तर रोजचंच. रात्री पिकाच्या जागलीला गेलेला माणूस पहाटे वावरातून परततो, तेव्हा त्याचे डोळे जड असतात आणि कान पाठीमागे लागलेले असतात. रब्बीत रात्रीची लाइन असली की गव्हा-हरभऱ्याला ओलीत करून लोक चार-पाचला घरी येतात, तेही याच रस्त्यानं. बाया दोघी-तिघी मिळून मोठ्यानं बोलत चालतात, त्याचं कारण हेच. अशा माणसाच्या पाठीमागून काही सर्रकन आलं तर ते काय आहे हे त्याला कळायच्या आत त्याचं अंग उडी मारतं. कुठल्या बाजूला मारेल, ते त्यालाही सांगता येणार नाही.

मीही हेच केलं आहे. १९८६ साल. मी अठरा वर्षांचा होतो, हिंगणीला दूध घालायला जायचो. नाल्याच्या पुलाकडं उतार आहे, पलीकडं चढण. ब्रेक न लावता उतार घेतला की समोरची अर्धी चढण फुकट मिळते, हे सायकल चालवणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. उताराच्या मध्यावर आमच्या शेजारची आजी शेणाची टोपली घेऊन चालली होती. माझ्या सायकलीला घंटी होती. वाजवली असती तर तिला ऐकू गेली असती. पण घंटी वाजवली की समोरचा काय करतो ते पाहावं लागतं, वेळ आली तर थांबावं लागतं, आणि मला ती चढण गमवायची नव्हती. बाजूनं निघून जाऊ, असं वाटलं. नेमकं तेव्हा तिला रस्त्यावर शेण दिसलं आणि ती ते उचलायला उजवीकडं वळली.

तिचा खुबा मोडला. बंडीत गवत टाकून तिला दवाखान्यात नेलं. त्यानंतर तीन वर्षं ती जगली, बाजेवर. मी रोज सकाळी तिच्या घरी पाण्याच्या दोन घागरी भरून ठेवायचो. तिच्या मुलानं मला मारलं नाही, गावानं पंचायत बसवली नाही. एकदा तिनंच विषय काढला. म्हणाली, "झालं ते झालं रे पोरा. पण आवाज तं द्याचा होता."

दुकान टाकल्यापासून बिनघंटीची एकही सायकल माझ्या हातून बाहेर गेली नाही. पैसे नसले तर जुनी घंटी साफ करून लावून देतो.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं आणि खरं तर एकच मागणं आहे: माणसाला ओलांडण्याआधी आवाज द्या. पण तो कसा आणि कुठून द्यायचा, यात बरंच काही आहे, आणि ते शहरात शिकायला मिळत नाही. तेवढं नीट सांगू द्या.

डोक्यावर भारा असलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मागे पाहायचं तर तिला अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि अंग फिरवलं की भाऱ्याचं टोक रस्त्यात येतं. तुम्ही तिच्याजवळ पोचून घंटी वाजवलीत, तर तुम्हीच तिला तुमच्या वाटेत आणलंत. तुमचा वेग उतारावर तासाला तीस किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. ती ऐकणार, कोणत्या बाजूला सरकायचं ते ठरवणार, भारा सावरणार, सरकणार. तीन-चार सेकंद सहज जातात. तेवढ्यात तुम्ही पंचवीस-तीस मीटर आलेले असता. म्हणून विजेच्या दोन खांबांमध्ये असतं तेवढं अंतर असतानाच पहिली घंटी द्या. मग पायडल थांबवा, वेग मोडू द्या आणि जवळ आल्यावर तोंडानं बोला. "मावशी, उजवीकडून जातो" एवढं पुरे. घंटीनं कोणीतरी आहे हे कळतं, बोलण्यानं तो कुठून जाणार हे कळतं. ती सरकली नाही तर तिच्यामागे चालीनं सायकल चालवा, नाहीतर उतरा. तिला आणि डांबराच्या कडेला चिमटीत धरून डावीकडून कधीच घुसू नका. तिच्या डाव्या बाजूची ती दोन हात जागा ही तिची पळायची जागा आहे.

तुम्ही रांगेत असता, तेव्हा आणखी एक गोष्ट. पहिला गेला की पायी माणसाला वाटतं संपलं. म्हणून पहिल्यानं आकडा सांगावा: "आजी, मागं अजून आठ आहेत." आणि शेवटच्यानं "झालं, मी शेवटचा" म्हणावं. एका रविवारी तुमच्यातल्या एका ताईंनी हेच केलं होतं, कोणी न शिकवता. आमच्या गावच्या म्हातारीनं हसून हात वर केला. ती आजही विचारते, "ते आकडे मोजणारी पोरगी नाही आली का?"

बैलाजवळ घंटी नको. बैलाला मागचं दिसतं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून, आणि अनोळखी किणकिण अगदी पाठीशी आली की तो बिचकतो. जू एका बाजूला खेचलं की बंडी आडवी होते, मग तुम्हीही तिच्याखाली. बंडीवाल्याला दुरून हाक मारा, "भाऊ, येऊ का?" तो कासरा आवळेल, बैलांना डावीकडं घेईल आणि मान हलवेल. मग जा. ढोरांचा कळप समोर आला तर एक पाय जमिनीवर टेकवा आणि थांबा. गुराखी त्यांना बाजूला घेतो, किंवा ती तुमच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. दोन मिनिटांचा खेळ आहे. कळपात घुसून वाट काढणारा मी आजवर एकच पाहिला. त्याला म्हशीनं काही केलं नाही, पण एक वासरू त्याच्या चाकात आलं.

पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी तुम्हाला दिसत असतील. ती पोलीस भरतीची तयारी करतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, घड्याळ लावून. आमच्याकडं मैदान नाही, म्हणून डांबरावर धावतात, आणि घड्याळाकडं पाहत धावणाऱ्याचं मागं लक्ष नसतं. तुमच्या सायकलीला पुढं जो पांढरा लुकलुकणारा दिवा आहे, तो अंधारात समोरून डोळ्यांत गेला की त्यांना पुढचा खड्डा दिसत नाही. दिवा लावाच, पण लुकलुकणं बंद ठेवा आणि तोंड जमिनीकडं वाकवा. मागचा लाल दिवा मात्र हवाच. तो ट्रकसाठी आहे, त्यात काटकसर नको.

आणि कानात गाणी नकोत. यावर जास्त लिहीत नाही. हा रस्ता कानानं चालायचा आहे.

थांबल्यानं वेळ जातो, असं तुमच्यातले काही म्हणतील. तुमच्याच मंडळींनी मला ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला गाठायच्या सायकल फेरीची, माहिती दिली होती. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत पोचलं की झालं. रात्री चमकणारं जॅकेट आणि दिवे लागतातच. मला हे फार आवडलं. दुकानातल्या वहीवर मी हिशेब केला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे तासाला पंधरा किलोमीटरही पडत नाहीत. माझ्या जुन्या काळ्या सायकलीवर मी याहून हळू कधी चाललो नाही. एवढ्या वेळात दहा बायांना वाट देता येते, दोन कळपांसाठी थांबता येतं, आणि माझ्याकडं चहाही होतो.

या जिल्ह्यात पायी चालणाऱ्याला मान आहे, आणि तो आजचा नाही. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी आले. विनोबा १९५१ मध्ये पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायीच निघाले आणि त्या चालण्यातूनच भूदान उभं राहिलं. आजही बुलढाण्याच्या शेगावला जाणाऱ्या दिंड्या पायी जातात. दिंडी दिसली की आमच्याकडचा ट्रकवालासुद्धा गाडी बाजूला घेतो. माझं म्हणणं इतकंच की गवताचा भारा नेणाऱ्या एकट्या बाईलाही तोच मान मिळावा. तिच्या हातात पताका नाही एवढाच फरक.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. रस्त्यावर तुम्हालाही सोसावं लागतं, आणि ते मी रोज दुकानात बसून पाहतो. आमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यावर पायी माणूस नाही, सायकल नाही, मोटारसायकलही नाही. हळू चालणारं जे काही आहे ते सगळं जुन्या रस्त्यांवरच राहिलं, आणि रेतीचे टिप्पर, कापसाच्या ट्रॉल्याही त्याच रस्त्यांवर. आतल्या ग्रामसडकेचं डांबर ३.७५ मीटर रुंद. एसटी बस अडीच मीटरहून जास्त रुंद. उरलं किती? सव्वा मीटरसुद्धा नाही. त्यात सायकलीचं हँडलच अर्ध्या मीटरच्या आसपास. बसवाल्यानं हॉर्न दिला की सायकलवाला खाली उतरतो. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात खाली काळी माती असते. दोन पावलांत चाकाला चिखलाचा पोळा बसतो, मडगार्डमध्ये माती गच्च होते, चाक फिरत नाही. शाळेच्या पोरी पाऊस सुरू झाला की काडीनं माती खरवडत माझ्या दुकानापर्यंत सायकल ओढत आणतात. म्हणजे मोठ्यानं हॉर्न दिला, लहानानं चिखलात उतरायचं, असा या रस्त्याचा न लिहिलेला कायदा झाला आहे.

त्या कायद्यात तुम्ही मधात आहात. टिप्परवाला तुम्हाला चिखलात घालतो तेव्हा तुम्ही चिडता, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्याहून हळू असा आणखी एक जण रस्त्यावर आहे, आणि त्याच्यापुढं तुम्ही टिप्पर आहात. ही गोष्ट मला आजीच्या बाजेशेजारी बसून कळली.

शिवाय सायकल हे कायद्यानं मोटार वाहन नाही. लायसन नाही, नंबर नाही, विमा नाही. माझे वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी शहरात सायकलीला पत्र्याचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा. ते सगळं गेलं, बरं झालं. पण याचा अर्थ असा की तुमचा धक्का लागून कोणी पडलं आणि तुम्ही निघून गेलात, तर तुम्हाला शोधायला नंबरही नाही. त्या माणसाला आधार फक्त तुमच्या थांबण्याचा. त्या रविवारी मागे थांबलेले तिघे एकमेकांत हळूच बोलत होते, पोलिसांचं लफडं तर होणार नाही ना. त्यांना सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. मोटारीच्या अपघातात ज्याचा हात नाही, अशा माणसानं जखमीला चांगल्या मनानं मदत केली तर त्याला दिवाणी-फौजदारीत ओढता येत नाही. बाई पडली ती सायकलीपायी, पण त्या कलमामागचा विचार आपल्या सगळ्यांना लागू पडावा. थांबलात ते फार चांगलं केलंत. पुढच्यांनाही बोलावून थांबवायला हवं होतं.

मोटारवाल्यांना वेगळं पत्र लिहीन. आज एवढंच सांगतो की अरुंद डांबरावर सायकल किंवा पायी माणूस समोर असला तर हॉर्न एकदा द्या आणि ब्रेकवर पाय ठेवा. हॉर्न दाबून धरल्यानं समोरच्याची साइडपट्टी कोरडी होत नाही. आणि बांधकाम खात्याला दरवर्षी सांगतो तेच पुन्हा: डांबराची कड जिथं वीतभर उघडी पडली आहे, तिथं पावसाळ्याआधी मुरूम टाकून दाबा. आमची बाई पडली ती त्याच कडेवरून.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळं मी हे पत्र आणखी लांबणीवर टाकलं नाही.

विदर्भातल्या कितीतरी तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. त्या सायकलींनी काय केलं हे मला आकड्यांत सांगता येणार नाही, पण ज्या घरांतल्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या, त्या घरांच्या सायकली मी दुरुस्त करतो. या पोरी तुम्हाला पाहतात. तुमची हेल्मेटं, हातमोजे, वाकून चालवण्याची ढब, सगळं पाहतात. मागच्या महिन्यात नववीतली एक पोरगी दुकानात आली. म्हणाली, "काका, मडगार्ड काढून द्या अन् घंटीबी काढा." मी विचारलं, "काहून?" तर म्हणाली, "त्यांच्या सायकलीले कुठं असते?"

मी काढून दिली नाही. ती रुसून गेली. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. पण तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल. आमच्या पोरी चौघी-चौघी शेजारी चालवतात, गप्पा मारत, अख्खा रस्ता भरून. एसटीचा आवाज आला की एकामागं एक व्हा, म्हातारा दिसला की घंटी द्या, असं मी रोज सांगतो. मी त्यांच्यासाठी पंक्चर काढणारा काका आहे. तुम्ही मात्र त्यांना व्हावंसं वाटतं तसे आहात. तुम्ही एका रांगेत याल, घंटी द्याल, आजीला आकडा सांगाल, तर आठवडाभरात त्याही तसंच करतील.

तुमच्या सायकलीला घंटी का नसते, ते मला मिस्त्री म्हणून माहीत आहे. तुमचं हँडल मधात जाड असतं, बऱ्याच सायकलींना ३१.८ मिलिमीटर. साध्या घंटीचा पट्टा २२ मिलिमीटरच्या नळीसाठी बनवलेला. तो बसत नाही, बसवला तर घसरतो, आणि मग कोणी पुन्हा लावत नाही. मी यावर काम केलं आहे. जुन्या ट्यूबचं रबर कापून त्याचा पट्टा करतो, घंटीला दोन छिद्रं पाडतो आणि हँडलला ताणून बांधतो. खड्ड्यातही हलत नाही, हँडलला ओरखडा येत नाही, आणि काढायचीच म्हटली तर एका मिनिटात निघते. अशा तीस घंट्या तयार ठेवल्या आहेत. पैसे नकोत.

येत्या रविवारी जाताना नाही जमलं तर परतताना थांबा. एकाला पाच मिनिटं लागतील, दोघं-तिघं हाताशी आले तर तीन. दुकान साडेपाचला उघडतो. त्या बाईचं घर दुकानामागून तिसरं आहे, पाय आता बरा आहे, रविवारी दहापर्यंत ती घरीच असते. तिला भेटायचं असेल तर मी सोबत येईन. नववीतल्या त्या पोरीलाही बोलावून ठेवतो.

आपला,
एक सायकल मिस्त्री
तालुका सेलू, जिल्हा वर्धा